एंटर म्हणजे झालं, असं कोणी सांगितलं?

कुंभकोणम,
शनिवार, सकाळची बॅच सुटल्यावर

राजमान्य राजश्री प्रणेशपंत, मुक्काम पुणे, यांस,

गोमतीमावशीचा आशीर्वाद. हवा असेल तर नमस्कारही घे, कारण तू आता कंपनीत सीनियर झालास असं तुझी आई मला दर फोनला दोनदा सांगते. तुझी मान दुखायची ती आता कशी आहे? दिवसभर स्क्रीनकडे मान वाकवून बसलास तर ती दुखणारच. पाठ ताठ, कोपरं अंगालगत आणि नजर डावीकडच्या कागदावर, असं मी तुला आठव्या वर्षी शिकवलं होतं, पण तू तेव्हाही खिडकीतून खालच्या पितळी समयांच्या दुकानात बघायचास. तुझ्या आईचा, श्रीलक्ष्मीचा, गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना कमी कर आणि माझी काळजीही कमी कर. इकडे आमच्या ह्यांचं, म्हणजे तुझ्या वरदराजकाकांचं, ब्लडप्रेशर आहे तसंच आहे. माझी तब्येत उत्तम आहे. कोणाशी भांडण चालू असलं की माझी तब्येत नेहमीच सुधारते आणि गेले तीन आठवडे मला साधी शिंकसुद्धा आलेली नाही.

पत्र हाताने लिहिते आहे, कारण आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या यंत्रांना तमिळ आणि इंग्रजी येवढंच येतं. पानांचे फोटो काढून तुला पाठवायचं काम स्फूर्ती करील. (स्फूर्ती म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आता इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि अजून माझ्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाही.) लिहिताना भाषाही तुझी आई पाठवते त्या दिवाळी अंकांतली वापरते आहे. घरी बोलते तसं तंजावरी लिहिलं तर तू ते पुण्यातल्या मित्रांना वाचून दाखवशील आणि तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी ऐकून त्यांची करमणूक होईल. मागे माझा फोन तू स्पीकरवर टाकला होतास, हे मला ठाऊक आहे.

तर आता मुद्दा. तू आईला विचारलंस म्हणे, 'मावशी हल्ली येवढी का चिडलेली असते?' चिडलेली नाही. मी बरोबर आहे आणि बाकी सगळे चूक आहेत, येवढंच झालं आहे. पण तू वेबसाइटींच्या धंद्यातला असल्यामुळे तुला सगळं सविस्तर सांगणं मला भाग आहे, आणि तू ते शेवटपर्यंत वाचणं तुला भाग आहे.

माझ्याकडे भवानी नावाची मुलगी येते. चोळपुरमची, वय तेवीस. सकाळी साडेपाचची बस धरून सहाच्या बॅचला हजर असते, मग नऊपासून भांड्यांच्या दुकानात बिलं करते. टायपिंगची इंग्रजी हायर परीक्षा झाली, तमिळ हायर झाली, दोन्हींत डिस्टिंक्शन. मी चौतीस वर्षं ही इन्स्टिट्यूट चालवते आहे, आणि तिच्यासारखा हात माझ्यासमोर तीनदाच आला असेल. (त्यातला एक माझा स्वतःचा होता.) तिची चुलत बहीण तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात आहे, हॉस्टेलात राहते. भवानीच्या घरच्यांचं म्हणणं असं की दिवाळीपर्यंत टायपिंगची नोकरी लागली तर ठीक, नाहीतर तिनेही तिकडेच जावं. भवानीला जायचं नाही. ती बोलून दाखवत नाही, पण जी मुलगी पावसातसुद्धा पाच मिनिटं आधी येऊन मशीनवरचं कापड स्वतः काढते तिला कारखान्यात जायचं नसतं, हे मला कोणी सांगायला नको.

अशात तिरुप्पनंदाळच्या बाजूच्या एका शिक्षणसंस्थेत ऑफिससाठी टायपिस्टची जागा निघाली. भवानीला घरून बसने जाता येईल अशी. त्या संस्थेने निवडीची परीक्षा चेन्नईच्या एका कंपनीकडे दिली. कंपनीची वेबसाइट, वेबसाइटवर एक खोका, हातात छापील इंग्रजी मजकुराचा कागद. कागदावर बघून खोक्यात दहा मिनिटं टाइप करायचं. मला तर हसूच आलं होतं. भवानीची दहा मिनिटांची परीक्षा म्हणजे घरातल्या घरात फेरी मारण्यासारखी. मी तिला सांगितलं, 'जा, आणि येताना केळी घेऊन ये.'

ती केळी न घेता आली. हातात निकालाचा कागद. वेग, मिनिटाला एक पूर्णांक एक शब्द. अरे, मिनिटाला एक! मिनिटाला एक शब्द टाइप करायलासुद्धा विशेष कौशल्य लागतं. दोन शब्दांच्या मध्ये जेवून यावं लागतं. त्या अकरा शब्दांतही तीन चुका दाखवल्या होत्या. आणि खाली शेरा असा की उमेदवाराने परीक्षेनंतर चारशे एकोणचाळीस रिकामे अभिप्राय पाठवून यंत्रणेला त्रास दिला. भवानी माझ्यासमोर उभी होती. मी तिला विचारलं, तू खरंच टाइप केलंस ना? तर म्हणाली, 'टीचर, पूर्ण पान केलं. शेवटच्या फुलस्टॉपपर्यंत. अर्धं मिनिट उरलं होतं.'

काय झालं होतं ते आधी नीट ऐक, कारण याच ठिकाणी सगळे पुरुष मला मध्येच थांबवून सल्ला देतात. (काकांनी दोनदा दिला.) आमच्याकडे पहिल्या दिवशी जे शिकवतात ते असं, की कागदावरची ओळ संपली की आपली ओळ संपली. टाइपरायटरवर घंटा वाजते, आपण डाव्या हाताने दांडी ओढतो, पुढची ओळ. कॉम्प्युटरवर घंटा नाही, दांडी नाही, तिथे उजव्या हाताची करंगळी एंटरवर जाते. ओळीला ओळ, जशीच्या तशी. ही सवय मी मुलांच्या हातात इतकी पक्की घालते की लग्न होऊन दोन मुलं झालेल्या बायका किराण्याची यादी करतानासुद्धा प्रत्येक ओळीनंतर करंगळी हलवतात. भवानीने पहिली ओळ टाइप केली, अकरा शब्द, आणि एंटर दाबलं. आणि त्या वेबसाइटने ठरवलं की झालं! परीक्षा संपली! पेपर घेतला आणि पुढे 'धन्यवाद' असं पान आणून ठेवलं.

आता तू म्हणशील, तिला दिसलं नाही का? नाही दिसलं! कारण तिला चांगलं शिकवलेलं आहे. टायपिस्टची नजर कागदावर असते, स्क्रीनवर नाही. तिने सव्वानऊ मिनिटं मान डावीकडे ठेवून उरलेल्या सत्तावीस ओळी बिनचूक टाइप केल्या, आणि समोर टाइप करायला काही नव्हतंच. त्या धन्यवादाच्या पानावर 'अभिप्राय पाठवा' असं एक बटण होतं आणि यंत्राचं सगळं लक्ष आपोआप त्या बटणावर जाऊन बसलं होतं. बटणावर लक्ष असताना स्पेस दाबली तरी बटण दाबलं जातं, एंटर दाबलं तरी दाबलं जातं. म्हणजे माझी पोर जीव तोडून टाइप करते आहे आणि प्रत्येक शब्दागणिक कंपनीला एक कोरा अभिप्राय जातो आहे. माझं विचारशील तर तोच खरा अभिप्राय होता.

मी कंपनीला फोन लावला. रविशंकर नावाचे मॅनेजर आहेत, आवाज फार गोड. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, 'मॅडम, ओळ संपल्यावर एंटर आजकाल कोण दाबतं?' मी म्हटलं, माझी चार हजार मुलं दाबतात, आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत जाऊन बघा. ते म्हणाले, 'तुम्ही मुलीला येवढंच सांगा की एंटर दाबू नको. खोक्यात ओळ आपोआप वळते.' त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. फोन ठेवताना त्यांनी मला शुभेच्छाही दिल्या.

इथे मी ठरवलं की आता मागे हटायचं नाही. कंपनीने सरावासाठी एक लिंक दिलेली आहे, तोच खोका, तोच कारभार. स्फूर्तीला बोलावून घेतलं आणि तीन दुपारी त्या खोक्यासमोर बसून मी त्याची एकेक कळ दाबून तपासणी केली, कारण नव्या विद्यार्थ्याचीही मी अशीच करते. जे सापडलं ते तुझ्या धंद्याला शोभणारं नाही. पान उघडल्यावर खोक्यात आधी माऊसने क्लिक करावं लागतं. न करता स्पेस दाबली तर खोका जागेवरून हलतो आणि पान सरकत खाली जातं. (परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी क्लिक करून दिलं होतं, म्हणून पहिली ओळ तरी जमा झाली.) शिफ्ट दाबलं की एक चूक धरतात. आता मोठं अक्षर शिफ्टशिवाय कसं काढायचं? पहिल्या ओळीत तीन मोठी अक्षरं होती, म्हणून तीन चुका! बिनचूक टाइप केलं म्हणून चूक धरणारा परीक्षक मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि आमच्याकडे परीक्षकांचे पुष्कळ नमुने येऊन गेले आहेत.

मग स्फूर्तीने ब्राउझरमध्ये काहीतरी दाबून त्या पानाच्या पोटातला मजकूर उघडून दाखवला. तिने मला समजावलं ते असं, की आपण कुठलीही कळ दाबली की ब्राउझर पुकारा करतो, 'अमुक कळ खाली गेली.' सोडली की दुसरा पुकारा, 'अमुक कळ वर आली.' पान लिहिणाऱ्याने त्या पुकाऱ्यावर कान ठेवायचा आणि काय करायचं ते ठरवायचं. कळ शिफ्टची असेल तर ते अक्षर नव्हे हे त्याला कळायला हवं. एंटर असेल तर ते कुठे बसून दाबलं, खोक्यात की बटणावर, हे त्याने बघायला हवं. या महाशयांनी काय केलं होतं? सगळ्या पानाला मिळून एकच कान. जी कळ आली ती मोजा, मजकुराशी जुळली नाही की चूक, आणि एंटर आलं की पेपर जमा. चार ओळींचा कारभार. आणि त्या चार ओळींच्या डोक्यावर त्याने इंग्रजीत स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती, की एंटर म्हणजे माणसाचं टाइप करून झालं.

प्रणेश, ती टीप वाचून मला जे वाटलं ते मी कागदावर लिहू शकत नाही, कारण स्फूर्ती हे फोटो काढणार आहे. झालं? कोणी सांगितलं झालं? कोणाला विचारलंस? एंटर म्हणजे एक ओळ चांगली झाली, आता दुसरी सुरू, असा त्याचा अर्थ आहे, आणि तुझ्या त्या पोराचा जन्म व्हायच्या आधीपासून आहे. (तुझ्या म्हणजे, तुझ्या धंद्यातल्या.) ज्या कोणी हे केलं त्याने आयुष्यात एक पानभर मजकूर सलग टाइप केलेला नाही. त्याला समोर माणूस दिसत नाही, त्याला फक्त कळ दिसते. आणि मला खरोखर विचारावंसं वाटतं, याच्या आईने याला काही शिकवलं की नाही? आणि मावशी वगैरे कोणी असेल तर ती काय करत होती?

मी कंपनीला दीड पानाचं पत्र टाइप करून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. खोक्यात एंटर दाबलं की नवी ओळ यावी. पेपर जमा व्हायचा तो वेळ संपल्यावर किंवा बटण मुद्दाम दाबल्यावर, आणि ते बटणही 'खरंच जमा करू का' असं विचारणारं असावं. शिफ्टला चूक धरू नये. पान उघडताच कर्सर खोक्यात असावा, म्हणजे ज्याला माऊस धरता येत नाही त्यालाही परीक्षा देता येईल. पेपर गेला तर आवाज व्हावा, म्हणजे कागदावर नजर असलेल्या माणसाला कळेल. स्फूर्ती म्हणाली, यातलं एकही काम अर्ध्या दिवसावरचं नाही. रविशंकरांचं उत्तर आलं की आपल्या सूचना मौल्यवान आहेत, संबंधितांकडे पोचवल्या आहेत. सरकारी कचेऱ्यांची पत्रं टाइप करण्यात माझी उमर गेली, त्या वाक्याचा अर्थ मला तोंडपाठ आहे.

म्हणून मग मी एक गोष्ट केली. तुझ्या आईला अजून सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. सोमवारी सकाळी सहाच्या बॅचमधली एकोणीस मुलं मी इथल्या तीन कॉम्प्युटरवर आणि स्फूर्तीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसवली, सगळ्यांना परीक्षेचाच मजकूर दिला, सरावाची लिंक उघडायला लावली आणि सांगितलं, नजर कागदावर, पाठ ताठ, शिकवलंय तसंच टाइप करायचं, पान संपेपर्यंत मान वर करायची नाही. काही कोणाला चुकीचं सांगितलं नाही. कंपनीने सराव करा म्हटलं, आम्ही सराव केला. साडेसातपर्यंत कंपनीला आठ हजारांवर कोरे अभिप्राय गेले होते. सव्वानऊला रविशंकरांचा फोन आला. आवाजातला गोडवा थोडा कमी झाला होता. मी त्यांना म्हटलं, आपल्याकडे उद्या आणखी एक बॅच आहे, ती मोठी आहे.

त्याच फोनवर भवानीची फेरपरीक्षा ठरली. येत्या गुरुवारी, सकाळी साडेदहा, त्याच केंद्रावर. पण खोका तोच राहणार! रविशंकरांचं म्हणणं, ते काम त्यांनी बाहेरून करून घेतलेलं आहे, त्याला हात लावायला त्यांच्याकडे माणूस नाही, आणि बाकी कोणाची तक्रार नाही. तेव्हा मुलीला कृपया सांगावं की एंटर दाबू नये. झालं, पुन्हा तेच.

आता सगळे माझ्या मागे लागले आहेत. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, 'अगे, पोरीला एंटर दाबू नको मण की. येवढं काय त्यांत?' मी म्हटलं, 'मी मणणार नाही.' स्फूर्ती म्हणते, टीचर, तत्त्व बरोबर आहे, पण गुरुवार जवळ आलाय. तुझी आई फोनवर म्हणते, तुझा हट्ट आणि त्या मुलीचं नुकसान. हे तिचं वाक्य मला लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. त्या दिवशी मी इन्स्टिट्यूटचा जिना उतरताना मध्येच बसले होते, कारण मुलीने जे केलं ते माझं ऐकून केलं. जिने चांगलं शिकून घेतलं नव्हतं ती अर्ध्या ओळीला स्क्रीनकडे बघत, चाचपडत, एंटर न दाबता पास झाली असती. जी मन लावून शिकली ती बाहेर. मग मी चौतीस वर्षं शिकवलं ते काय?

पण म्हणूनच मी सांगणार नाही. एंटर दाबू नको हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. हात पक्का करायला तिला दोन वर्षं लागली. तो चार दिवसांत कच्चा करायचा, आणि कशासाठी? कोणाला तरी चार ओळींच्या जागी आठ लिहायचा कंटाळा आला म्हणून? तिची करंगळी बरोबर आहे. बदलायचं असेल तर खोक्याने बदलावं. मी कोणापुढे हात जोडलेले नाहीत, जोडणार नाही, आणि तुझ्याकडेही काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. तुझ्या धंद्यात काय चालतं ते तुला माहीत असावं, येवढ्यासाठीच लिहिलं. वाचून सोडून दिलंस तरी चालेल.

जेवण वेळेवर कर. आईला गुडघ्यासाठी निलगिरीचं तेल पाठवते आहे, ते तू मानेला लावू नकोस, तुझ्या मानेला वेगळं औषध लागेल. सर्वांना यथायोग्य.

तुझी,
गोमतीमावशी

ता. क. एक राहिलं. मंगळवारी रविशंकर अगदीच कंटाळले तेव्हा मी त्यांना विचारलं, अहो, हे बाहेरून करून घेतलं म्हणता, ते कोणाकडून? तर म्हणाले, पुण्यातला एक मुलगा आहे, शनिवार-रविवारी स्वतःची कामं घेतो, फार हुशार, प्रणेश म्हणून. मूळ कुंभकोणमकडचाच, म्हणाले, तुम्ही ओळखत असाल. मी म्हटलं, असेल कोणी. हे मला मंगळवारीच कळलेलं आहे, म्हणजे वरचं पत्र लिहायला घेण्याच्या चार दिवस आधी. तेव्हा आईबद्दल आणि मावशीबद्दल जे लिहिलं ते रागाच्या भरात लिहिलं असं समजू नकोस. दोनदा वाचून, विचार करून ठेवलेलं आहे. इथे कोणालाच सांगितलेलं नाही. काकांना नाही, तुझ्या आईलाही नाही. स्फूर्तीला हा फोटो काढताना कळेल, पण ती माझी विद्यार्थिनी आहे, तोंड बंद ठेवील.

ता. क. २. पत्र काल संपवलं होतं, फोटो काढायचे राहिले. आज रविवार, इन्स्टिट्यूट बंद असते. चष्मा विसरला म्हणून दहा वाजता गेले तर जिन्यावरूनच कीबोर्डचा आवाज. भवानीकडे किल्ली असते. दाराशी थांबून ऐकलं. हात तिचाच, त्याच वेगाने, पण ओळ संपली की काहीतरी अडखळत होतं. आत जाऊन पाहिलं तर तिने उजव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून टाकली होती. तीन वेढे. करंगळी टोकाला निळसर झाली होती. मला बघून तिने हात मांडीखाली घेतला. म्हणाली, 'टीचर, तुम्ही सांगितलं नाहीत. मी माझी मीच बांधली.'

मी टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि पट्टी कापली. बोट चोळून दिलं. मग तिला पुन्हा कॉम्प्युटरवर बसवलं आणि पहिल्या ओळीपासून टाइप करायला लावलं. ओळ संपली तशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'खरंच दाबू का, टीचर? गुरुवारीसुद्धा?'

मी म्हटलं, दाब. गुरुवारीसुद्धा.

तेव्हा प्रणेश, गुरुवारी साडेदहा वाजून गेल्यावर, अकराव्या शब्दानंतर, ती एंटर दाबणार आहे. तिची नजर कागदावर असेल. समोर काय होईल ते तिला दिसणार नाही, ते तुझ्या हातात आहे.